खंडेनवमीचा नारळ आणि अण्णांचा हॅक्सॉ

वराळ्यात हौशीराम घोजगे यांचं घर कुणालाही विचारा, सांगेल. फक्त सांगताना तोंडावर हात धरेल. "ते व्हय, करवतीवाले? सरळ जावा. हिरव्या पत्र्याची शेड लागंल. आत एक माणूस मशिनीला आंघोळ घालताना दिसला की तेच अण्णा."

यात तिखटमीठ अजिबात नाही. रोज सकाळी चहाच्या आधी अण्णा शेडचं कुलूप काढतात, बायकोच्या, आक्काबाईंच्या, जुन्या लुगड्याची शिवून घेतलेली खोळ उचलतात आणि आपल्या पॉवर हॅक्सॉला जागं करतात. हॅक्सॉ म्हणजे लोखंड कापायची विजेवरची करवत. बिडाचं बसकं अंग, वर मागंपुढं सरकणारी फ्रेम, फ्रेममध्ये ताणलेलं ब्लेड, एका कुशीला मोटर, आणि मोटरची गती घेऊन फ्रेमला ढकलणारा ताटाएवढा दातेरी गिअर. खाली दोन चाकं आणि ओढायला दांडा, कारण जिथं काम तिथं घेऊन जायची ही मशीन. अण्णांनी ती अकरा वर्षांत उंबऱ्याबाहेर काढलेली नाही. उन्हानं रंग उडतो म्हणे.

मशीन साठ-पासष्ट वर्षांची. तळेगावच्या अंगाला पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथली. अण्णा त्या कारखान्यात एकोणतीस वर्षं होते. "टूलरूमला होतो," असं ते सांगतात, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या कारागिरांत. टूलरूमला लागून स्टोअर होतं आणि स्टोअरच्या खिडकीत अण्णा होते, म्हणजे मधे काय ती एका भिंतीची अडचण. त्या खिडकीतून त्यांनी हजारो ब्लेडं दिली, स्वतः एक लावलं नाही. निवृत्त होताना बाकीच्यांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. अण्णांनी भंगारात काढलेली ही मशीन मागून घेतली, आणि त्या दिवसापासून ते गावाच्या लेखी नसले तरी स्वतःच्या लेखी मिस्त्री झाले.

देखभाल म्हणाल तर पोटच्या पोराची कुणी केली नसेल अशी. सोमवारी ग्रीस, गुरुवारी तेल, अमावस्येला डिझेलनं पुसणं, वर्षातून एकदा हिरवा रंग. मशिनीच्या कपाळावर पितळेची पाटी होती. बनवणाऱ्याचं नाव, गाव, नंबर, सगळं तीवर कोरलेलं. अण्णांनी ती ब्रासो लावून इतकी घासली की चौथ्या वर्षी नाव गेलं, सहाव्या वर्षी गाव गेलं, आणि आता नुसता आरसा उरलाय. त्यात अण्णा मिशा बघतात.

राहता राहिलं कापणं. त्याचं असं, की कुणी पाइप घेऊन आलं की अण्णा आधी आभाळाकडं बघत, मग दिव्याकडं. "आज व्होल्टेज न्हाई. उगा लोड कशाला?" एकदा हनुमंत टकल्यांनी फारच गळ घातली म्हणून अर्ध्या इंचाचा गज कापायला घेतला. हनुमंत घरी जाऊन जेवून आले, तरी फ्रेम आपली सुळसुळ मागंपुढं आणि गज जिथल्या तिथं. शेवटी त्यांनी तो गुडघ्यावर दाबून मोडला. अण्णा म्हणाले, "विलायती मशीन हाय. ती घाई करीत न्हाई."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सुरजच्या डोक्यात खोल्या आल्या.

सुरज हा अण्णांचा मुलगा, वडिलांपेक्षा व्यवहारी. हे कौतुक समजू नये, त्यांच्यापेक्षा अव्यवहारी व्हायला जागाच नव्हती. वराळ्यात हल्ली ज्याच्याकडं अर्धा गुंठा मोकळा तो खोल्या बांधतो आणि कंपनीतल्या, कॉलेजातल्या पोरांना भाड्यानं देतो. सुरजनं मागच्या अंगणात तीन खोल्या काढल्या. चौथीसाठी जागा एकच होती आणि तिथं शेड उभी होती.

"अण्णा, दिवाळीनंतर शेड पाडतोय," तो भाकरी मोडता मोडता म्हणाला.

"अन् मशीन?"

"भंगारवाला नेईल की."

अण्णांचा घास हातातच राहिला. "चालू कंडिशनमधली मशीन हाय ती!"

"चालू?" सुरज हसला. "अण्णा, ती फिरते. कापत नाही. पंखाही फिरतो, त्याला आपण करवत म्हणतो का?"

आक्काबाई आतून म्हणाल्या, "पंख्यानं वारं तरी येतं."

बाईंचं हे बोलणं अण्णांना फार लागलं. ते ताटावरून उठले, परत बसले, कारण कालवण चांगलं झालं होतं. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक खोलीतल्या चार फुटी कोनाड्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडणी करायची होती, तिला लोखंडी अँगल लागणार होते. दिवाळीच्या आत अण्णांनी त्यातला एक अँगल मशिनीवर कापून दाखवायचा. कापला तर शेडही राहील आणि मशीनही. नाही कापला तर दोन्ही जातील, आणि अण्णांनी त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"एक काय, ढीगभर कापतो," अण्णा म्हणाले. त्यांचा स्वतःचा यावर विश्वास होता का? होता. अकरा वर्षं मशिनीला इतकं तूपलोणी चारल्यावर ती ऐनवेळी पाठ फिरवील असं त्यांना खरंच वाटत नव्हतं.

आठवड्यानं खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कोयता, विळा, फाळ, हातोडी, झालंच तर ट्रॅक्टर आणि मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. अण्णांच्या घरी पहिला मान मशिनीचा. यंदा तर कसोटीचं वर्ष. अण्णांनी झेंडूचा हार दीड हात लांब आणला. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. राहिला नारळ. लोक फरशीवर फोडतात. अण्णांना ते पटेना. मशिनीचा नारळ मशिनीवरच फुटला पाहिजे. पण कुठं? लोखंड पकडायचा जबडा चांगला दणकट होता, त्यावर कालच रंग दिलेला. रंग उडायचा! मग अण्णांनी शोधून शोधून एकच जागा काढली जिथं रंग नव्हता. गिअर. त्याच्या दात्यांवर नारळ टेकवला. हातानं फुटेना, म्हणून दोन पौंडी हातोडा घेतला आणि देवीचं नाव घेऊन हाणला.

नारळाची बरोबर दोन भकलं झाली. गिअरचेही लागोपाठचे दोन दात उडाले.

आक्काबाई खोबरं वेचायला आल्या तेव्हा अण्णा हातोडा धरून मशिनीसमोर असे उभे होते, जणू काही जोडीदारावर हात उचलला गेलाय. "काय झालं वो?"

"काय न्हाई. परसाद वाट."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून होतं न होतं तोच अण्णा गिअर कागदात गुंडाळून बाहेर पडले. पहिली धाव चिखलीकडं. तिथली कुदळवाडीतली भंगाराची दुकानं पाडल्यापासून कोण कुठं गेलं याचा कुणालाच पत्ता नव्हता, तरी हायवेच्या कडेला एकजण सापडला. त्यानं गिअर हातात घेऊन विचारलं, "कंपनी कुठली?"

"विलायती."

"नाव काय पण?"

नाव ब्रासोबरोबर फडक्यात गेलं होतं.

"पाटी असंल ना मशिनीवर?"

"हाय की. लखलखीत हाय," अण्णा म्हणाले.

तिथून भोसरी. भोसरीत गिअर कापणारे गल्लीगल्लीला. एका कारागिरानं दाते मोजले, बत्तीस भरले, आणि विचारलं, "डीपी का मॉड्यूल?" म्हणजे दात्यांचं माप इंचातलं की मिलिमीटरमधलं. एकोणतीस वर्षं टूलरूमला असलेल्या माणसाला हे झोपेतही सांगता यावं. अण्णा म्हणाले, "तुमच्याकडं जे ताजं असंल ते द्या." त्यानं नव्या, मिलिमीटरच्या मापाचा दिला. दिसायला जुन्याचा जुळा भाऊ. घरी आणून चढवला, बटण दाबलं, आणि मशिनीतून असा खडखडाट निघाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून सुटली. दात्याला दाता बसेना. केसाएवढा फरक, पण बत्तीस वेळा केसाएवढा म्हटल्यावर अख्खी वेणीच होते.

दिवाळी बारा दिवसांवर आली. सुरज रोज जाताजाता नुसतं शेडकडं बघायचा आणि टेप काढून जागा मोजल्यासारखं करायचा. बोलायचा काही नाही. अण्णांना तेच जास्त झोंबायचं.

अशात कुणीतरी सांगितलं, लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूला एका रिसॉर्टात डिट्टो अशीच मशीन उभी आहे. अण्णा पहिल्या लोकलनं गेले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "डे पिकनिक का स्टे?"

"गिअर," अण्णा म्हणाले.

कसंबसं आत सोडलं. पोहण्याच्या हौदाशेजारी, कृत्रिम गवतावर, खरोखरच मशिनीची सख्खी बहीण उभी होती. अंगभर सोनेरी रंग, जबड्यात जेवणाचं मेनूकार्ड, फ्रेमवर प्लॅस्टिकची वेल. अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या चांगल्या घरची, आणि हॉटेलात लागली! पण गिअर शाबूत होता. सगळे दात जागेवर. अण्णांनी नखानं रंग खरवडून बघितला, तेवढ्यात मॅनेजर धावत आला.

"काका, हात लावू नका. सेल्फी पॉइंट आहे तो."

"मला फकस्त गिअर पायजे. त्याच्या बदल्यात माझा देतो. तुमाला काय, शोभेलाच लावायचा ना? दोन दात कमी असले तर फोटूत कुणाला दिसतंय?"

मॅनेजरला सौदा खरं तर वाईट वाटला नसावा, कारण तो स्वतः वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "निघणार नाही, काका. मुलांची बोटं अडकतात म्हणून वेल्डिंग करून टाकलंय."

अण्णा परतीच्या गाडीत चिक्कीचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही, म्हणून घेतलेला.

आता एकच माणूस उरला होता, आणि अण्णांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. भिमाजी ओव्हाळ. त्याच कारखान्यात फिटर, खराखुरा टूलरूममधला, भिंतीच्या पलीकडचा. बावीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर अण्णांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, बुद्धविहाराच्या मागं. बावीस वर्षांत तिथं जाऊन चहा घ्यायला अण्णांना सवड झाली नव्हती. गिअर मोडला आणि सवड झाली.

शिवाय खिडकीचं प्रकरण होतं. स्टोअरचा नियम असा की जुनं तुटलेलं ब्लेड जमा करा, मग नवं घ्या. नियम ठीक. पण अण्णा तुकडे जुळवून बघत. एखादा तुकडा कमी पडला की फिटरला परत पाठवत, शोधून आण म्हणून. भिमाजी कितीदा तरी मशिनीखाली पालथे पडून बोटभर तुकडा शोधत, आणि इकडं अण्णा खिडकीत बसून तंबाखू मळत.

"या अण्णा," भिमाजी म्हणाले. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चहा ठेवला. भिमाजींनी गिअर उजेडात धरला, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कशानं मोडलं?"

"जुनं झालं की व्हतंय असं."

"न्हाई, वरून मार बसलाय."

अण्णा चहात बघत म्हणाले, "नारळ."

शालूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. भिमाजी मात्र गंभीरच. "आमच्यात न्हाई बाबा मशिनीला नारळ. आमी नुसतं ग्रीस लावतो. त्यानं भागतं."

"भिमाजीभाऊ," अण्णा म्हणाले. हे 'भाऊ' इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडलं, तेही जरा अडखळत. "दिवाळीच्या आत व्हईल का?"

"व्हईल की. दोन दिवसांचं काम हाय. जुनं दात आणलंय का?"

"आँ?"

"मोडलेलं दोन दात. जुनं जमा करा, मग नवं देतो."

अण्णांनी बरंच काही बोलून बघितलं. भिमाजी एकच सांगत होते, नियम म्हणजे नियम. अण्णा घरी आले आणि आक्काबाईंना विचारलं, खंडेनवमीचा केर कुठं टाकलास? बाईंनी उकिरड्याकडं हात केला.

मग वराळ्यानं जे बघितलं ते वराळं बरेच दिवस विसरणार नाही. टूलरूमवाले हौशीराम घोजगे धोतराचा काचा मारून उकिरड्यात उतरले, जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून शेणात ओढत फिरले. लोक बांधावर जमले. "अण्णा, बोअर घेताय का?" "अण्णा, आमचा चमचा गावला तर ठेवा बाजूला!" चमचा गावलाच. अकरा खिळे, एक नाल, बाजाच्या पेटीचं एक बटण. संध्याकाळपर्यंत एक अख्खा दात आणि दुसऱ्याचा अर्धा.

भिमाजींनी ते तळहातावर घेतले, जुळवून बघितले, मान डोलावली आणि दारापुढच्या गटारात टाकून दिले.

"अवो!" अण्णा ओरडले. "लागत नव्हतं तर मागितलं कशाला?"

"तुमी कशाला मागत व्हता?" भिमाजींनी विचारलं, आणि कानस घ्यायला आत गेले.

काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. मोडलेल्या दातांच्या जागी ओळीनं बारीक भोकं पाडली, आटे पाडून पोलादी खुंट्या घट्ट बसवल्या, मधल्या फटी पितळेनं भरल्या. मग चांगल्या दाताचा आकार लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि तो पुठ्ठा लावून लावून कानसीनं दोन दिवस घासत बसले. अण्णा शेजारी स्टुलावर. पहिल्या दिवशी सल्ले देत होते, दुसऱ्या दिवशी नुसते बघत होते. एवढ्या जवळून काम होताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. खिडकीतून फक्त हात दिसायचे.

गिअर चढवायला भिमाजी शेडमध्ये आले आणि त्यांची नजर ब्लेडवर गेली. "हे कुणी लावलं?"

"मीच. का?"

"उलटं हाय. हाताची करवत पुढं ढकलताना कापती. ही मागं ओढताना कापती. बाण हिकडं पायजे. किती वर्सं हाय असं?"

अण्णांनी घसा साफ केला. "मुद्दाम ठेवलं व्हतं. ब्लेड टिकतं जास्त."

"टिकणारच," भिमाजी म्हणाले. "कामच न्हाई त्याला."

दिवाळीला दोन दिवस उरले असताना सुरजनं अँगलचा गठ्ठा शेडपुढं टाकला. हनुमंत टकले मुद्दाम जेवून आले होते. अण्णांनी मशिनीला हात जोडले, पण नारळ आणला नव्हता. बटण दाबलं. फ्रेम मागं गेली, करकर आवाज झाला, आणि खाली चंदेरी कीस पडायला लागला. अकरा वर्षांत त्या शेडमध्ये न दिसलेली वस्तू. तीन मिनिटांत अँगलचा तुकडा ठणकन फरशीवर.

सुरज तोंड उघडं टाकून उभा. "झालं?"

"झालं," अण्णा म्हणाले. "जा तू कामाला. बाकीचं मी बघतो."

"एकच ठरला होता, अण्णा."

"ढीगभर म्हणलो व्हतो मी!"

इथं भिमाजी चहाला गेले, ही त्यांची चूक. अण्णांच्या अंगात वारं भरलं. चार फुटांचे बत्तीस तुकडे हवे होते. मशिनीला मागं एक अडणी असते; एकदा माप लावून ती आवळली की पुढचे सगळे तुकडे एकसारखे पडतात, परत मोजायला नको. अण्णांनी शेडमधला टेप घेतला, अठ्ठेचाळीस इंच लावले, अडणी आवळली आणि संध्याकाळपर्यंत उसंत घेतली नाही. तेल घाल, अँगल सरकव, बटण दाब. लोक येऊन बघून गेले. अण्णा कुणाशी बोलले नाहीत. मिस्त्री कामात असताना बोलत नाही.

टेपचं पहिलं टोक दोन वर्षांपूर्वी दारात चेंबून तुटलं होतं. तो शून्यापासून सुरू व्हायचा नाही, दोनापासून व्हायचा. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. अण्णांनाही होतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं पहिला अँगल भिंतीला लावून बघितला. एका बाजूला टेकला, दुसऱ्या बाजूला दोन इंच हवा. दुसरा लावला. तोही तसाच. बत्तीसच्या बत्तीस, एका साच्यातून काढल्यासारखे, तंतोतंत दोन इंच आखूड.

सुरज अंगणात उभा राहून आधी अँगलवर ओरडला, मग टेपवर, मग शेडकडं वळला. "पाडतोच आता! आजच पाडतो!"

"एक कापून दाखवायचा ठरलं व्हतं. दाखवला," अण्णा म्हणाले. आवाज बारीक होता, पण मुद्दा सोडला नव्हता.

"बत्तीस वाया घालवायचं कुठं ठरलं होतं?"

आक्काबाई इतका वेळ चकल्या पाडत होत्या. सोऱ्या खाली ठेवून त्या बाहेर आल्या, एक अँगल उचलला, शेडमध्ये जाऊन दोन खांबांच्या मधे धरला. अंगच्या मापाचा कपडा बसावा तसा तो बसला.

"हितं बसतोय," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कुटं बसंल तर सांग. नसंल तर हितंच ठोका. फेकून द्यायला म्या देणार न्हाई. माझं डबं ठेवायला मांडणी व्हईल."

सुरजनं गवंड्याकडं बघितलं, गवंड्यानं अँगलकडं. दिवाळीनंतर जी शेड पडायची होती तिला दिवाळीच्या आधीच चारी बाजूंनी बत्तीस अँगलांचा आधार लागला, आणि चौथी खोली कागदावर राहिली. आता शेड पाडायची म्हटलं तर जेसीबी आणावा लागेल.

अण्णांकडं पाहुणे येतात तेव्हा ते त्यांना आधी शेड दाखवतात. मांडणीवर आक्काबाईंचे लोणच्याचे डबे ओळीनं बसलेत. पाहुणा म्हणतो, व्वा, काय मापात बसलंय. अण्णा मिशीवरून हात फिरवतात.

"बसणारच की. माप शेडचंच घेतलं व्हतं."

आणि शेडबाहेरच्या ओट्यावर चहाला येऊन बसलेले भिमाजी, बाहेर आलेलं हसू चहाच्या घोटाबरोबर आत ढकलतात.